दगडाबाईच्या मौनाची साक्ष

सोलापूर, बाळीवेस
माघ वद्य पंचमी

तीर्थस्वरूप वन्संच्या पायी धाकट्या भावजयीचा डोकं टेकून नमस्कार. (डोकं टेकायला गेलं की गुडघे कुरकुरतात, तरी टेकलं असं धरून चला.)

तुमची तब्येत कशी आहे? पोटात वात धरल्याचं मागच्या पत्रात वाचलं. ओवा चावत जा, आणि जेवल्या पानावरून उठून सरळ आडवं होणं सोडा, म्हणजे सुनेच्या स्वयंपाकाला दोष द्यायची वेळ येणार नाही. इकडे सगळं खुशाल. तुमचे बंधू खुशाल, त्यांचा खोकला त्यांच्याहून खुशाल. माझ्या अक्षराला हसू नका. शाळा दोन यत्ता, त्यातली दुसरी गोवरानं खाल्ली. ऱ्हस्व-दीर्घ जिथं चुकलं असेल तिथं तुमचं तुम्ही लावून घ्या, मजकूर मात्र मी लिहिलाय तसाच वाचा.

तर मजकूर असा की तुम्ही साक्षीदार मागितला होता, त्याची ही साक्ष. यातलं बरंच तुम्हाला ठाऊक आहे, पण साक्ष पहिल्यापासून सांगावी लागते, मधूनच सुरू केली की लोकांना संशय येतो. तुमची सून विजयमाला ही आमच्या शेजारच्या दगडाबाईची एकुलती लेक. दगडाबाई मंडईत मिरच्या विकते. हे लग्न मी जमवलं, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या आजवर माझ्याच दारात येऊन पडतात. लग्नाला वर्षांवर वर्षं गेली, पाळणा हलेना, तेव्हा दगडाबाई डोंगरातल्या मायाक्काला नवस बोलली. नवस बोलताना माणसानं थोडं शुद्धीवर असावं, ती नव्हती. म्हणाली, लेकीला मूल होऊ दे, मी माघात वैरागच्या पलीकडून जंगलातल्या जुन्या वाटेनं पायी येईन, सूर्य उगवल्यापासून तुझ्या पायरीला हात लागेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही, आणि हे फिटेपर्यंत नातवंडाचं तोंड बघणार नाही. आता देवीनं यातलं काही मागितलं नव्हतं. खण-नारळावर ती खूश होती. पण दगडाबाईला वाटलं की आपल्याला जे सगळ्यात जड तेच द्यावं, आणि गप्प राहण्याइतकं जड तिला दुसरं काही नाही. (मंडईत ती पावशेर मिरचीवर एवढं बोलते की गिऱ्हाईक मिरची तिथंच विसरून घरी जातं.) त्या नवसापायी विजयमालेचं पहिलं बाळंतपणसुद्धा माहेरी न होता तुमच्याकडे झालं. आषाढात लीला झाली. ती बसायला लागली, खालचे दोन दात आले, बापाला, रामहरीला, बघून टाळ्या पिटायला लागली, हे सगळं दगडाबाईनं नुसतं ऐकलं. आणि ऐकलेलं तिनं आम्हाला रोज सांगितलं, जणू आम्हीच बहिरे.

अशात तुमचं पत्र आलं. मुलीसाठी एवढा मोठा नवस फेडायची घाई काय, असं तुम्ही पहिल्या पानावर लिहिलंत, आणि नवस फिटल्याशिवाय सुनेला माहेरी धाडणार नाही असं दुसऱ्या पानावर. दोन्ही पानं मी पुन्हा पुन्हा वाचली, मधलं एखादं पान पोस्टात राहिलं की काय असं वाटलं. पुढे लिहिलंत की ती बाई दूध उतू जाईपर्यंतसुद्धा गप्प बसणार नाही, तेव्हा खात्रीचं माणूस साक्षीला न्या, आणि बोललीच तर पुढच्या माघात बघू. खात्रीचं माणूस म्हणजे तुमच्या मनात कोण होतं कुणास ठाऊक, पण गेले ते मी.

सोबत निंगव्वा. ती अक्कलकोटाकडची, कडक भाकऱ्या करून विकते, अंगानं दांडगी, आणि शिव्या कन्नडात देते म्हणून निम्म्या गल्लीला ते आशीर्वाद वाटतात. तुमचे बंधू म्हणाले, तीन म्हाताऱ्या जंगलात निघालात, वाट कोण दाखवणार? मी म्हटलं, दगडाबाईचं लहानपण तिथंच शेळ्यांमागं गेलंय, तिला तिथला दगडन्‌दगड माहीत आहे. ते म्हणाले, "अगं पण ती तर..." आणि तेवढ्यात त्यांना खोकला आला. ते वाक्य तेव्हा पुरं झालं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण लग्न झाल्यापासून त्यांचं कुठलं वाक्य मी पुरं होऊ दिलंय, की नेमकं तेच होऊ द्यावं?

सर्व्हिस मोटारीनं वैराग गाठलं. (मोटारीत मला कोंबड्यांच्या डालग्याशेजारी बसवलं. कोंबड्या शांत होत्या, त्यांचा मालक नव्हता.) रात्री दगडाबाईच्या भाचीकडे मुक्काम. तिथं दगडाबाई जी बोलायला बसली ती बसलीच. उद्या दिवसभर मिळणार नाही म्हणून आधीच साठवण करून घ्यावी तसं. आपली सासू कशी मेली, मंडईतल्या तराजूत खोट कुणाच्या, विजयमाला लहानपणी माती कशी खायची, भाचीच्या नवऱ्यानं मिशी का ठेवू नये, सगळं झालं. भाचीनं कानावर पदर ओढला, निंगव्वा घोरायला लागली, मी हुंकार देत राहिले. पहाटे चालायला लागलो तेव्हासुद्धा ती बोलतच होती, आणि पूर्वेला सूर्याची कड दिसली तसं अर्ध्या शब्दावर तोंड मिटलं. "मी काय म्हणत हु..." एवढ्यावर. एवढी शांतता झाली की शेतातल्या चिमण्या ऐकू यायला लागल्या.

जंगलाच्या तोंडाशी आलो तर वाट फुटलेली, एक डावीकडे, एक उजवीकडे. निंगव्वानं सहज विचारलं, "दगडाक्का, कुठली गं?" आणि तिघी जागच्या जागी उभ्या राहिलो. रात्रभरात दगडाबाईनं जगातलं सगळं सांगितलं होतं, वाट तेवढी सांगितली नव्हती. आम्हीही विचारली नव्हती. वाट जिला ठाऊक तिच्याच तोंडाला कुलूप, हे तुमच्या बंधूंना घरबसल्या कळलं होतं आणि आम्हाला डोंगराखाली येऊन कळलं. (हे त्यांना सांगू नका. मी घरी येऊन सांगितलंय की त्यांना नेमका खोकला आला म्हणूनच सगळा घोटाळा झाला.)

दगडाबाईनं उजवीकडे बोट केलं आणि पुढं निघाली. पण तिचा घोटा जुना दुखरा, सारखी मागं पडायची. थोड्या अंतरावर पुन्हा फाटा. आम्ही मागं वळून पाहिलं तर ती पोटासमोर दोन्ही हातांनी हा एवढा मोठा गोल काढतेय. निंगव्वा म्हणाली, "भूक लागलीया तिला." मी म्हटलं, एवढ्यात? तर म्हणे, "गप बसल्यावर भूक लईच लागते, त्येचं काय हाय, तोंड मोकळं असतंय की." मला पटलं. धोंड्यावर बसून भाकरी सोडली, शेंगाची चटणी काढली, कांदा फोडला. दगडाबाई उजवीकडे हात झटकत होती, मान हलवत होती, कपाळावर हात मारत होती. आम्हाला वाटलं चटणी तिखट आहे. तिच्या हातात भाकरी दिली तशी तिनं रागानं खाल्ली. (कडक भाकरी रागानं खाल्ली की कसला आवाज येतो ते तुम्ही ऐकायला हवं होतं.) मग आम्ही आमच्या मनानं डावी वाट धरली, कारण तिच्यावर सावली होती.

ती वाट बोरी-बाभळीच्या जाळीत शिरली. पुढं काटे, मागं काटे, मधे माझं नऊवारी. बोरं मात्र झकास होती. निंगव्वा तोडतेय, मी खातेय, दगडाबाई मागून येऊन आमच्या पाठीवर थापट्या मारतेय. पळसाला लाल फुलं यायला लागलीत, आणि डोंगराचा वारा असा की सांध्यांना आपलं वय आठवेना. खरं सांगते वन्सं, मला लई बरं वाटत होतं. घर नाही, चूल नाही, कुणाचा खोकला नाही. वाट चुकलोय हे कळत होतं, पण ती चूक अशी होती की लवकर सुधारू नये.

तेवढ्यात दगडाबाई आमच्या पुढं येऊन उभी राहिली. डोळे मोठे केले, दोन बोटं डोक्यावर शिंगांसारखी उभी धरली, आणि दुसऱ्या हातानं भराभर वरच्या बाजूला खुणा करायला लागली. निंगव्वा ओरडली, "यव्वा! रानरेडा!" आणि पळाली. मी वर पाहिलं, जवळ पळस होता, वाकडातिकडा, बुंध्यापासून फांद्या फुटलेला. मी त्याच्यावर चढले. कशी चढले ते मला विचारू नका, मला ठाऊक नाही. कासोटा खोचल्याचं आठवतं आणि वर बसल्याचं आठवतं, मधलं काही आठवत नाही. निंगव्वा दुसऱ्या झाडाला मिठी मारून लटकली होती, पाय जमिनीलाच होते, पण डोळे मिटल्यामुळे तिला आपण बरंच वर आहोत असं वाटत होतं. आणि मग रेडा आला. म्हणजे शेळ्या आल्या. एकामागून एक, दहा-पंधरा, गळ्यात घंट्या, जाळीतल्या एका बारीक वाटेनं चढावर चाललेल्या. पहिली शेळी माझ्या झाडाखाली थांबली, मान वर करून माझ्याकडं बघितलं, आणि पुढं गेली. असं कुणी माझ्याकडं आजवर बघितलं नव्हतं, तुम्ही सोडून.

दगडाबाई खाली बसली होती. तोंडावर दोन्ही हात, पदराचा बोळा दातात, डोळ्यांतून पाणी, अख्खी हलतेय. हसत होती. इथं साक्षीतली पहिली अडचण. हसणं बोलण्यात धरायचं का? मी झाडावरूनच निवाडा केला की आवाज आला तर धरायचं. आवाज आला नाही. पदर फाटला, पण आवाज आला नाही. हे मी शपथेवर लिहिते.

मग आम्ही शेळ्यांच्या मागं निघालो. पण शेळ्यांना देवीला जायचं नव्हतं, त्यांना पाण्याला जायचं होतं. थोडं चढल्यावर त्या दुसऱ्या अंगानं ओढ्यात उतरल्या, आम्हीही उतरलो. वर मोठा कडा, खाली गार सावली, डबक्यात पाणी. निंगव्वा म्हणाली, आता मी चहा केल्याशिवाय एक पाऊल टाकणार नाही. (तुम्ही चहाला विष म्हणता, ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, घालू का त्यांच्यासाठी एक कप.) तिनं तीन दगड मांडले, काटक्या गोळा केल्या, काडी ओढली, फुंकर घातली, छान जाळ धरला, वर ओला पाला पडून धूर उठला. मी पाणी आणायला वाकले होते. वळून बघते तो दगडाबाई धावत आली, घोटा-बिटा विसरून, आणि कुठलाही विचार न करता त्या जाळावर बसली.

होय वन्सं, बसली. पाटावर बसावं तशी.

निंगव्वाच्या तोंडून जे कन्नड निघालं ते आशीर्वाद नव्हते हे मलासुद्धा कळलं. पण दगडाबाईनं नुसतं बोट वर केलं. आमच्या डोक्यावर, कड्याच्या पोटाला, आग्यामोहोळ लोंबत होतं, सुपाएवढं, काळंभोर, आणि धुरानं नुकतंच गुणगुणायला लागलं होतं. आणखी दोन फुंकरा आणि हे पत्र तुम्हाला लिहायला कुणी उरलं नसतं. आम्ही पातेलं तिथंच सोडलं आणि चोरासारख्या, एकमेकींचा पदर धरून, ओढ्याच्या वरच्या अंगाला निघालो. पुरेसं लांब गेल्यावर मी तिला मागून बघितलं. लुगड्याला भाकरीएवढं भोक, आत चांगला फोड. निंगव्वानं लगेच कोरफड उपटून आणली.

आता माझी साक्ष नीट ऐका. ती विस्तवावर बसली, भाजली, उठली, धावली, आणि तिच्या तोंडातून "आई गं" एवढंसुद्धा आलं नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी, ओठ दातात धरून रक्ताळलेला, पण शब्द नाही. तिच्या जागी तुम्ही असता, मी असते, तर मोहोळ सोडा, वैरागच्या बाजारातली माणसं डोंगराकडे धावली असती. मी तिच्याशी इतकी वर्षं नळावर भांडत आलेय. त्या ओढ्यात मी तिच्या लुगड्याचं भोक झाकायला माझी शाल दिली, आणि परत मागणार नाही असं मनाशी ठरवलं. (शाल जुनीच होती.)

ओढ्याच्या वर चढलो तशी झाडीतून पांढरी निशाणाची काठी दिसली. दगडाबाईच्या तोंडावर जे आलं ते मला लिहिता येणार नाही, दोन यत्तांत तेवढं शिकवत नाहीत. ती शाल कमरेला धरून पळत सुटली. नवीन चुन्यानं रंगवलेल्या पायऱ्या होत्या, पहिल्या पायरीला तिनं दोन्ही हात लावले, डोकं लावलं, आणि तोंड उघडलं. "...ते की वाट पोटाळ्या धोंड्यावरनं उजवीकडं जाती! पोटाळा धोंडा गं, गरवार बाईवानी पोट हाय त्येला, पोट दाखवलं तर तुमी खायाला बसलात! आन्‌ शिंगं दाखवली ती शेळवाट, तर ही म्हातारी माकडावानी झाडावर!" सकाळी अर्ध्यावर तुटलेलं वाक्य तिनं तिथूनच धरलं, आणि मग थांबली नाही. निंगव्वा पायरीवर बसून इतकी हसली की पुजारीणबाई कोण भांडतंय ते बघायला बाहेर आली. मग ओटी भरली, कुंकू लावलं, आणि खाली उतरताना पुजारीणबाईनं दाखवलं की देवळाच्या मागून सरळ गाडीवाट वैरागला जाते. ती सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही जुन्या वाटेनं आलो हे कळल्यावर तिनं आमच्याकडं त्या शेळीसारखंच बघितलं.

तर वन्सं, सूर्य उगवल्यापासून दगडाबाईचा हात पायरीला लागेपर्यंत तिच्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. नवस फिटला. ही साक्ष मी शुद्धीवर राहून, कुणाच्या दडपणाखाली न येता लिहिली आहे. मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापा, आणि तुमच्या म्हशीलाही बरं वाटत असावं ही आशा.

तुमची आज्ञेतली (जमेल तेवढी) भावजय
अनसूया

ता. क. तेव्हा आता विजयमालेला आणि लीलेला पाडव्यापर्यंत माहेरी धाडावं ही विनंती. सुनेवाचून तुमचं अडेल हे मला कळतं. भाकऱ्या थापायला लागलात तर वातही मोकळा होईल.

ता. क. दुसरा. मी खोटं बोलत नाही, फक्त थोडं मागं-पुढं सांगते. दगडाबाईनं ज्या पायरीला हात लावला ती मायाक्काची नव्हती, बिरदेवाची होती. तिच्या लहानपणी तिथं नुसता धोंडा होता, आता कुणी देऊळ बांधलंय, मायाक्का त्याच्या वरच्या अंगाला. हे पुजारीणबाईनं सांगितलं तेव्हा दगडाबाई भरधाव बोलत होती. ती जी थांबली, वन्सं, ती सकाळपेक्षा वाईट थांबली. खाली बसली आणि म्हणाली, "म्हंजी आता पुढचा माघ." एवढंच. मी पुजारीणबाईला बाजूला घेतलं, देवीचे सगळे नारळ तूच ठेव म्हटलं, आणि जरा विचार कर म्हटलं. तिनं विचार केला. बाहेर येऊन म्हणाली, "बिरदेव मायाक्काचा भाऊ हाय. त्येचं दार म्हंजी तिचं म्हायेर. बाईनं म्हायेरच्या दारात तोंड उघडायचं न्हाय तर कुटं उघडायचं?" दगडाबाईनं वर जाऊन देवीची पायरी धरली ती आम्हाला सोडवेना. नारळाचं तिला ठाऊक नाही, तुम्हीही कळवू नका. आणि पुजारीणबाई जे म्हणाली ते नारळ न घेताही खरंच आहे, असं मला वाटतं.

ता. क. तिसरा. रामहरीवर रागावू नका. मोडनिंबाला आत्याकडे चाललो असं त्यानं तुम्हाला सांगितलं, ते खोटं नाही, त्याची मोटार मोडनिंबावरूनच इकडे येते. ती तिघं आमच्याकडे परवापासून आहेत. लीलेनं दगडाबाईला बघून जो गळा काढला, तो आवाज कुणावर गेलाय ते साऱ्या बाळीवेशीला कळलं. दगडाबाईनंही काढला, कुणी कुणाला गप्प करायचं ते ठरेना. आता आजी पालथी निजते आणि नात तिच्या पाठीवर बसून टाळ्या पिटते. पोरं घाईत निघाली, त्यामुळे लीलेची झबली, लाल कुंची आणि बाळंतविड्यातली गोधडी तिकडेच राहिली. ती तेवढी पाठवा, त्यासाठीच हे पत्र.

मघापासून पोरीला सारखी उचकी लागली आहे. पत्र अजून टपालात पडलं नाही, तरी तुम्हाला कळलेलं दिसतंय.